रेखाच्या घरी नेलेलं क्रंबल

प्रिय सुभाष,

काल कोजागिरी झाली, आज चांदनी पडवा. सगळं सुरत आजच्या मानाची घारी घ्यायला मिठाईच्या दुकानांपुढे रांगा लावून उभं आहे, आणि तुझी ही बहीण दुपारी स्टीलच्या डब्यात गरम क्रंबल घेऊन तुझ्या घरी जाऊन आली. हो रे, तुझ्याच घरी! अकरा महिन्यांत पहिल्यांदा तुमच्या दाराची बेल वाजवली. परत आले, हातपाय धुतले आणि वही घेऊन बसले. तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. आणि सांगायचं आहे ते नुसतं क्रंबलचं नाही.

पण सुरुवात तिथूनच करते. ते सोपं आहे.

परवा तुझ्या पायलचा फोन आला. तुझी लेक आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बरं का! म्हणाली, "आत्या, तुझा ओव्हन चालू आहे ना? आईला शुगर निघालीय. डॉक्टरांनी गोड बंद कर म्हटलं, तर तिने जेवणंच सोडल्यासारखं केलंय. पडव्याला पप्पा ते फळांचं करायचे ना, ते करू या का? ते तरी खाईल ती."

माझा ओव्हन कसला? तूच आणलेला तो! तुमच्या ओट्यावर जागा नव्हती म्हणून माझ्याकडे आणून ठेवलास, आणि मग दर पडव्याला पिशवीभर फळं घेऊन हजर. तुझे दाजी दार उघडतानाच ओरडायचे, "आले हजीऱ्याचे शेफ!" आणि तू खरोखरच कमरेला टॉवेल गुंडाळून ओट्याशी उभा राहायचास.

तो म्हातारा परदेशी इंजिनियर आठवतो? हजीऱ्याला तुझ्या कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये वर्षभर राहिलेला? त्याच्याकडे म्हणे या दिवसांत झाडाखाली सफरचंदांचा सडा पडतो आणि घरोघरी हे करतात. खाणाखुणा करत त्याने तुला शिकवलं. घरी येऊन तू मला म्हणालास, "ताई, शरद ऋतू तर आपल्याकडेही येतो ना? मग आपली फळं काय वाईट आहेत?" मैदा गेला, ज्वारीचं पीठ आलं. साखर गेली, बारडोलीचा गूळ आला. सफरचंदाच्या जोडीला पेरू येऊन बसला.

मी विचारलं होतं, "क्रंबल म्हणजे काय रे?"

"भुगा, ताई. शिजलेल्या फळांवर खरपूस भुगा. नाव मोठं, बाकी काही नाही."

मी शाळेत पोरांना रोज शुद्धलेखन घालते, पण तुझी ही कृती एकदाही लिहून घेतली नाही! आणि तू तरी कधी मापाने काही टाकलंस का? "हाताला कळतं" म्हणायचास. तुझ्या हाताला कळायचं रे. आमच्या हातांनी काय करायचं?

आज रविवार, म्हणून पायल सकाळीच आली. दोघी मिळून आठवत बसलो. तिला आठवलं, पप्पा सीताफळ घालायचे. मलाही वाटीतला तो पांढरा गर दिसत होता. मग काय, सफरचंदाच्या फोडी, पेरू आणि वर दोन सीताफळांचा गर घालून भांडं आत सरकवलं. पाऊण तासाने मोठ्या हौसेने चाखलं, तर पायलचं तोंड वेडंवाकडं!

"आत्या, आ तो कडवुं थई गयुं!"

कडूच झालं होतं. पायल फरशीवर बसली आणि रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले. ते रडणं सीताफळाचं नव्हतं, हे मला कळत नव्हतं का? ती म्हणाली, "मी पप्पांना कधी नीट बघितलंच नाही करताना. मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे." तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, तेवढ्यात डोळ्यांपुढे तू दिसलास. फ्रिजचं दार पायाने ढकलत, हातात वाटी घेऊन.

"अगं, ते वरून होतं!" मी ओरडलेच. "थंड! ताटलीत वाढताना घालायचा तो गर. शिजवायचा नाही!"

पायल रडता रडता हसायला लागली.

दुसऱ्या वेळी सावकाश केलं. सफरचंद, नाशपाती आणि बिया काढलेला पेरू. लिंबू, दालचिनी, किंचित गूळ. मग फळं तशीच ठेवली, पाणी सुटेपर्यंत. भुग्यासाठी ज्वारीचं पीठ, ओट्स आणि जाडसर शेंगदाण्याचा कूट. तूप फ्रीजरमध्ये घट्ट केलेलं, तरी या आश्विनातल्या उकाड्यात बोटं लागताच पातळ व्हायला लागलं. परात दोनदा फ्रीजरमध्ये ठेवली. पायल अंगठा बोटांवरून फिरवत तूप पिठात चोळत होती आणि मी बघत राहिले. अरे, तिचे हात अगदी तुझ्यासारखे चालतात! तिला सांगितलं तर नुसतीच लाजली. मग तिने प्रत्येक वस्तू वाटीने मोजून वहीत लिहिली. तुझी लेक तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

घरभर वास सुटला. दाजी पेपर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, आणि परत गेले.

डबा भरला तशी पायल म्हणाली, "आत्या, तू चल. मी एकटी नेणार नाही. तुझं आणि आईचं काय झालंय ते मला कुणी सांगत नाही. पण चल."

सुभाष, आता ते सांगते.

त्या सकाळी तू ड्युटीला जाताना माझ्याकडे आला होतास. कंपनीची बस आमच्याच नाक्यावर थांबते, म्हणून नेहमीच डोकवायचास. छातीवर हात ठेवून म्हणालास, "ताई, जड वाटतंय गं." मी पोळ्या लाटत होते. मान वळवून नीट बघितलंही नाही. म्हटलं, "काल लग्नात जेवलास ना दाबून? गॅस असेल." चमचाभर ओवा आणि गरम पाणी दिलं. तू ते घेतलंस आणि बस पकडलीस. दुपारी हजीऱ्याहून फोन आला.

आणि दहाव्याला, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी रेखाला म्हटलं, "एका घरात राहून तुला दिसलं नाही? कसली बायको तू!"

तिने मान खाली घातली. एक शब्द बोलली नाही. ओव्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, दाजींनाही नाही. का केलं मी असं? कुणावर तरी टाकल्याशिवाय मला उभंच राहता येईना, सुभाष. एवढंच खरं आहे.

रेखाने दार उघडलं. किती वाळलीय रे! "या, ताई," एवढंच म्हणाली. पायलला तिने दूध आणायला खाली पाठवलं. तिला कळलं असावं की मी नुसता डबा द्यायला आलेली नाही.

मी बसलेही नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. पोळ्या, ओवा, गरम पाणी, सगळं. म्हटलं, "दोष माझा होता आणि मी तुझ्या डोक्यावर ठेवला."

रेखा पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ह्यांनी बसमधून फोन केला होता. म्हणाले, ताईने ओवा दिला, आता बरं वाटतंय. आणि मी काय म्हटलं माहितीये? 'बरं वाटी ऱ्हायनं ना, मंग जा.' मीच म्हटलं, ताई. जा म्हणून."

मग मी तिच्या शेजारी बसले.

अकरा महिने! अकरा महिने ती हे एकटी घेऊन बसली होती, आणि मी माझं. मधे दोन रिक्षा बदलण्याएवढं अंतर. तू फोन केलास, हे तू मला कसं सांगणार होतास म्हणा! पण मनात आलं, बरं वाटतंय असं खरंच वाटलं होतं का तुला? की आम्हा दोघींना काळजी नको, म्हणून बोललास? तुझं काही सांगता येत नाही.

"मग दहाव्याला तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुमचा भाऊ गेला होता. मी तेव्हा बोलले असते तर तुम्ही उठला असता का परत?" आणि ती पुढे म्हणाली, "पण राग नव्हता असं नाही म्हणत. खूप होता. रोज वाटायचं, आज येतील, आज सांगतील. मग वाट बघायचंही सोडलं."

मी तिचा हात धरला. तिने तो लगेच काढून घेतला नाही. गळ्यात पडून रडलो वगैरे काही नाही हं. तेवढं अजून झालेलं नाही आमच्यात.

पायल दूध घेऊन आली, आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि वाट्या काढल्या; फ्रिजमधला सीताफळाचा गर फक्त स्वतःच्या वाटीत घातला. क्रंबल अजून कोमट होतं. रेखाने पहिला घास घेतला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत, परीक्षेचा निकाल लागावा तशा!

"ह्यांचं आंबट असायचं जरा," ती म्हणाली.

"लिंबू अर्धंच पिळलं," मी कबूल केलं.

पायलने लगेच वही काढली आणि लिहिलं, एक लिंबू. रेखाने वाटी संपवली. हळूहळू, पण संपवली! मग पायलच्या वाटीतल्या सीताफळाच्या थंडगार गरात चमचा बुडवायला लागली, तशी मी डोळे वटारले. तर म्हणते, "एकच, ताई." आणि हसली. सुभाष, ती हसली रे!

निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय तिला. मी म्हटलं, मी येते, पहिला तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगते. नको म्हणाली नाही. मग हळूच म्हणाली, "पायलला ओव्याचं माहीत नाही. फोनचंही नाही. माझं मी सांगेन. तुमचं तुम्ही सांगा."

बरोबर आहे तिचं.

पुढच्या रविवारी पायल येणार आहे, सकाळपासून. तेव्हा तिला समोर बसवून मी स्वतः सांगेन, काही गाळणार नाही, कुणावर ढकलणार नाही. ती चिडेल. कदाचित उठून निघून जाईल, तुझ्यासारखीच तापट आहे. गेली तर मी तिच्या मागोमाग जिना उतरेन आणि ती थांबेपर्यंत चालत राहीन. तुला शब्द देते.

तुझी ताई,
मंगल