दप्तरात राहिलेलं पत्र

आरू,

मला जाऊन चार महिने झाले. जिल्ह्याच्या कबड्डी संघात तुझी निवड झालती, ते पत्र सरांनी माझ्याकडं दिलतं. मी ते आठ दिवस दप्तरात दाबून ठेवलं. आपल्या दिंद्रुडची पोरं म्हणायची, "बहीण चड्डीवर खेळती का बे तुझी?" मला लई लाज वाटायची.

त्या दिवशी मी ते नदीत टाकायला निघालतो. वाटेत ट्रॅक्टरला माझी गाडी धडकली, अन् मी तिथंच गेलो.

दप्तर घरी आलं, तू उघडलंस. पत्रावरची जुनी तारीख तू पाहिलीस. गाडीचं तोंड गावाबाहेरच्या दिशेला होतं, हेही तुला ठाऊक होतं. आईनं विचारलं, "काय हाय गं ते?"

तू म्हणालीस, "दादा मला हेच द्यायला घरी येत होता."

आई लई रडली, अन् दोन दिवसांनी पहिल्यांदा भाकरी खाल्ली.

संघात हजर व्हायची मुदत संपलेली असताना तू एकटी सरांकडं जाऊन जागा मागितलीस. काल बीडच्या मैदानावर एका चढाईत तिघींना बाद केलंस. आई शेजारच्या बाईला सांगत होती, "हिच्यासाठीच धावला माझा अमर."

तिनं सांगितला तसा भाऊ मला व्हायचं होतं, आरू.

तुझी माफी मागायचा राहिलेला,
दादा