बाबांची अकराशे गिऱ्हाइकं कुठे गेली

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसून जमेल तेवढा वाकून.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, हे मला तुझ्या सुनेकडून कळलं आहे. मी ते कुणाला सांगितलेलं नाही आणि या पत्रात जे वाचशील ते तूही कुणाला सांगायचं नाहीस, असा आपला सौदा. माझं म्हणशील तर मी उत्तम.

तू विचारलंस, हा माझा भाऊ दोन आठवडे फोनवर 'बरं आहे, ठेवतो' एवढंच का बोलतो, माझं काही चुकलं का? तुझं काही चुकलं नाही गं. चुकलं माझं. मी बाबांची अकराशे त्रेचाळीस गिऱ्हाइकं एका क्लिकसरशी नाहीशी केली, आणि त्यामुळे येत्या रविवारी बाबा दुकान बंद करणार आहेत. दुसऱ्यांदा. आता पहिल्यापासून सांगते. चष्मा लाव आणि पाय वर घेऊन बस.

पहिलं दुकान, म्हणजे शिलाई मशीन दुरुस्तीचं, बाबांनी दीड वर्षापूर्वी बंद केलं ते तुला माहीतच आहे. बोटं ऐकेनाशी झाली, बारीक स्क्रू हातातून निसटायला लागले. त्यानंतर बाबांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग शेजाऱ्यांच्या बिजागऱ्यांना घातलं, आणि मग ते नुसते बसून राहिले. मीही तेव्हा माझं बिऱ्हाड मोडून दोन ट्रंका घेऊन वरच्या खोलीत राहायला आले होते (त्याबद्दल पुन्हा कधीतरी). अशात दादा सुट्टीवर आला. त्याला कल्पना सुचली की बाबांचं ज्ञान वाया जाता कामा नये, त्यांची वेबसाइट काढू. दोन तासांत काढलीसुद्धा. मला म्हणाला, "सॉफ्टवेअर फुकट आहे आणि काही करावं लागत नाही." आणि विमानात बसून निघून गेला. आत्या, ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकापाठोपाठ आली, तर त्याला विमानात बसू देऊ नये.

फुकट म्हणजे कसं, ते सांगते. समज, कुणी तुला घर फुकट दिलं. घर खरंच चांगलं आहे, पण त्याच्या दाराला कडी नाही. कडी वेगळी आणायची, तीही फुकटच, पण ती दुसऱ्या माणसाने केलेली. खिडकी तिसऱ्याने केलेली. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, भेटली तर भांडतील. कडी बदलली की खिडकी निखळते, खिडकी बसवली की नळाला पाणी येत नाही. या कड्या-खिडक्यांना प्लगइन म्हणतात. आपल्याकडे एकोणतीस आहेत. त्यातली सात नेमकं काय करतात ते कुणालाच ठाऊक नाही. त्यातलं एक मी धीर करून काढून पाहिलं, तर बाबांचे सगळे लेख एकावर एक चढून बसले. मुकाट्याने परत लावलं. घराच्या रंगरूपाला म्हणायचं थीम. दादाने घाईत जी थीम निवडली ती मुळात केकच्या दुकानासाठी केलेली होती. त्यामुळे 'सुई उलटी बसल्याची लक्षणे' या बाबांच्या पहिल्या लेखावर एक तीन मजली केक आहे आणि खाली 'आजच ऑर्डर द्या' असं बटण आहे. केक काही केल्या निघत नाही. आई म्हणाली, "राहू दे, केकच्या आशेने तरी कुणी येईल."

शिवाय रोज सकाळी एका लाल ठिपक्यात आकडा येतो. इतक्या कड्या-खिडक्या जुन्या झाल्या, नव्या घ्या, नाहीतर चोर शिरेल. घेतल्या नाहीत तर चोराची भीती, आणि घेतल्या की भिंत पडते. एकदा तर सगळी साइटच पांढरी फटक झाली. ना अक्षर, ना चित्र, ना केक. आत्या, मी अठरा वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते आहे, पण एकही चूक नसलेलं पान मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. अशा वेळी मदतीसाठी एक चावडी असते, तिथे जगभरची त्रासलेली माणसं आपापली दुखणी लिहितात. मीही लिहिलं. एकाने उत्तर दिलं, "मलाही हाच त्रास आहे." दुसऱ्याने 'प्रश्न सुटला' असा शिक्का मारून चर्चा बंद केली. शेवटी 'घुबड' या नावाने लिहिणाऱ्या एका भल्या माणसाने सांगितलं की सगळी प्लगइन बंद करा, मग एकेक चालू करत जा, जिथे बिघडेल तो चोर. हे ऐकून बाबा खूश. "हा मनुष्य मिस्त्री आहे," म्हणाले. "आधी पट्टा काढायचा, मग बॉबिन, मग सुई. एकेक सुटं करायचं. आम्ही दुसरं काय केलं जन्मभर?"

आता मुद्द्यावर येते. बाबा कागदावर लेख लिहून वर पाठवतात, मी ते टंकून साइटवर चढवते, आणि लेखाखाली वाचकांना प्रतिसाद लिहिता येतो. बाबांच्या दुकानाचा नियम तुला आठवत असेल, मशीन कितीही मोडकी असो, आणणाऱ्याला त्याच दिवशी नंबराची चिठ्ठी द्यायची. गिऱ्हाइकाला दारातून विनाचिठ्ठी परत पाठवायचं नाही. तोच नियम त्यांनी इथे लावला. पहिला प्रतिसाद आला, 'आपला लेख अतिशय उपयुक्त आहे. माझ्या भावाला याचा फार फायदा होईल.' खाली कौलं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा पत्ता. बाबांनी मला खाली बोलावलं, कारण त्यांच्या बोटांना की-बोर्ड सापडत नाही, आणि सांगितलं, लिही: 'चिठ्ठी क्रमांक एक. आभारी आहे. भावाची मशीन हाताची की पायाची, ते कळवावे.'

मग रोज संध्याकाळी सहाला मी खाली. बाबा सांगणार, मी टंकणार, चिठ्ठीचे नंबर ते वहीत मांडणार. एकाने लिहिलं, दहा दिवसांत वजन घटवा. बाबांचं उत्तर: 'मशीनचे वजन घटवण्याच्या भानगडीत पडू नये. ओतीव लोखंड जड असते म्हणूनच ते हलत नाही.' एका बाईंनी लिहिलं, मी एकटी आहे, ओळख वाढवायला आवडेल. उत्तर: 'एकटेपणात शिवणासारखा सोबती नाही. मशीन बरेच दिवस बंद असल्यास आधी तेल घालून चाक हाताने फिरवावे.' कुणी म्हणालं, तुमच्या साइटवर हजारो लोक आणून देऊ. बाबा म्हणाले, लिही: 'एकदम हजार नकोत. दिवसाला पाचसहा पुरेत. नंबराने यावे.'

आत्या, ही माणसं नव्हती गं. यंत्रं असतात ती, जगभरच्या दारांखालून जाहिरातींचे कागद सरकवत फिरणारी. मला तिसऱ्याच चिठ्ठीला कळलं होतं. सांगितलं नाही. कशी सांगणार? बाबा पाचालाच दाढी करून, स्वच्छ सदरा घालून तयार. आई म्हणायची, "लग्नाच्या वेळी एवढी घाई नव्हती यांना." (आणि खरं सांगायचं तर सहा ते सात हा तास मलाही बरा जायचा. पण तो मुद्दा नव्हे.) असे आठ महिने गेले.

मग ज्यांच्या संगणकावर आपलं हे घर उभं आहे, त्या कंपनीची तंबी आली की तुमच्याकडे गर्दी फार होते, आवरा, नाहीतर बंद करू. म्हणून मी पहारा देणारं एक प्लगइन बसवलं. अर्थात फुकट. त्याने विचारलं, संशयास्पद प्रतिसाद काढून टाकू का? खाली दोन बटणं, 'होय' आणि 'होय, पुन्हा विचारू नका'. मला वाटलं, आज आलेल्यांबद्दल विचारतोय. त्याने अकराशे त्रेचाळीस प्रतिसाद आणि त्यांखालची बाबांची अकराशे त्रेचाळीस उत्तरं पुसली, आणि वर लिहिलं, 'अभिनंदन! तुमची साइट आता स्वच्छ आहे.' साइटची रोज नक्कल जपून ठेवणारं एक प्लगइन होतं, म्हणून मी आधी घाबरले नाही. पण जपून ठेवणं तेवढं फुकट होतं. जपलेलं परत काढून देण्याची सोय विकतच्या आवृत्तीत, आणि त्या आवृत्तीत आधीचं काही धरत नाहीत. दादाला फोन केला तर तो म्हणतो, "पण मी सांगितलं होतं ना, काही करायचं नाही!"

सहा वाजता बाबांनी पाहिलं, शून्य प्रतिसाद. मी म्हटलं, काही तांत्रिक अडचण आहे. म्हणाले, "तांत्रिक अडचण गिऱ्हाइकाला सांगायची असते, मालकाला नाही." मग दोन दिवस भिंग घेऊन स्वतःचे सगळे लेख वाचत बसले आणि सातव्या लेखात त्यांना चूक सापडली. जाड कापडाला सोळा नंबरची सुई लागते, तिथे अकरा पडलं होतं. (मुद्रितं तपासणारी मी. बघ.) "एवढ्या लोकांच्या सुया मोडल्या असतील माझ्यामुळे. म्हणून गेले सगळे," म्हणाले, आणि जाहीर क्षमापत्र लिहवून घेतलं. तेही केकखालीच छापलं गेलं. त्यावरही कुणी आलं नाही, कारण आता पहारा कडक आहे. मग एक दिवस शांतपणे म्हणाले, "रविवारी पाटी उतरवून टाक."

इकडे आड, तिकडे विहीर झाली आहे. खरं सांगावं तर ते म्हणतील, म्हणजे आठ महिने तू माझ्या शेजारी बसून माझी गंमत पाहत होतीस. सांगू नये तर त्यांना वाटणार, आपण हजार बायकांच्या सुया मोडल्या. या लाजेने मी सहाला खाली जाणंच सोडलंय. मुद्रितं फार आलीत म्हणून सांगते आणि वर दार लावून बसते.

असो. फार लांबलं. गुडघ्याला जप, गच्चीला विसर, आणि रागावायचं असेल तर एकदम रागावून घे, हप्त्याहप्त्याने नको.

तुझी, कामापुरतीच पत्र लिहिणारी,
भाची

ता. क. : काम असं. रविवारच्या आत तू बाबांच्या साइटवर एक प्रतिसाद लिही. टोपणनावाने. तुझी मशीन टाके सोडते, काय करावे, एवढंच विचार. 'अतिशय' आणि 'उपयुक्त' हे शब्द चुकूनही वापरू नकोस, पहारेकरी धरतो. तो तुला नऊ चित्रं दाखवून विचारेल, यात सायकली कुठे आहेत. त्या नीट दाखव, म्हणजे तू माणूस आहेस हे सिद्ध होईल.

ता. क. २ : 'अरे वेड्या' असं लिहू नकोस. 'महोदय' लिही.

ता. क. ३ : बाबांना यातलं काही कळता कामा नये. पाकीट आईकडे देते आहे, ती टपालात टाकेल.

ताई,

इथून पुढे मी आहे, अक्षरावरून ओळखलंस असेल. या घरात पाकिटं चिकटवायचं काम माझं, हे आमच्या विदुषीच्या लक्षात राहिलं नाही. वाचणार नव्हतो, पण पाकिटाची जाडी पाहून राहवलं नाही.

ती यंत्रं आहेत हे मला दुसऱ्याच चिठ्ठीला कळलं होतं. एकेचाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक 'आपले काम उत्तम' म्हणत दुकानात शिरलं नाही. येतं ते भांडतच येतं. पण ही वर येऊन राहिली तेव्हापासून दार लावून असायची. जेवायला हाक मारली तर भूक नाही. चिठ्ठ्या आल्या की मात्र खाली यायची. त्या वजनाच्या उत्तराला इतकी हसली की टंकणं थांबवून डोळे पुसले. मग मी उत्तरं तशीच द्यायला लागलो. दुपारभर बसून वहीत जुळवायचो, अन् सहाला आयत्या वेळी सुचल्यासारखी सांगायचो.

आता पुन्हा दार बंद. म्हणून पाटी उतरव म्हटलं. तेवढ्या कामाला तरी येऊन बसेल. तू फोन करतेस नेमका सहाला, तेव्हा माझा कान जिन्याकडे असतो, म्हणून 'ठेवतो' म्हणतो. राग मानू नकोस. सुईची चूक मात्र खरी आहे, तिची लाज वाटते.

तेव्हा प्रतिसाद लिहायच्या फंदात पडू नकोस. तुझी मशीन टाका सोडत नाही, ती मी बसवली आहे. त्यापेक्षा हिला पत्र लिही आणि मोठेपणाने दटाव, की तो पहारेकरी काढून टाक आणि यंत्रांना येऊ दे. मला कळलं आहे हे मात्र सांगू नकोस.

आज सुईचा तो आकडा दुरुस्त करायला म्हणून तिला बोलावून ठेवलंय. जिन्यावर पावलं वाजली. पाकीट लावतो.