शीड ड्रायक्लीनिंगला दिलं आहे

१२ जानेवारी, रविवार

सासऱ्यांकडे जेवण. हात वाळायच्या आत त्यांनी विषय काढला, होडीचं काय करायचं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः बांधलेली शिडाची होडी, पंधरा फुटी, त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये पडून आहे. शेडची जागा आता सोडायची आहे. मेहुणा ताटाकडे बघायला लागला. ताट रिकामं होतं. ही माझ्याकडे बघायला लागली. अशा वेळी मोठ्या मनाचं काहीतरी बोलून टाकावं, त्यात आपलं काही जात नाही. म्हणालो, कोणीच नाही घेतली तर मी आहेच की.

मेहुणा एकुलता एक मुलगा. होडी तोच घेणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याने उठून माझा हात हातात घेतला. माझ्या लग्नातसुद्धा त्याने तो इतक्या प्रेमाने घेतला नव्हता. सासऱ्यांचे डोळे भरून आले.

ठराव: यापुढे जेवण झाल्याबरोबर हात धुवायला जाणे आणि तिथेच थांबणे.

१३ जानेवारी, सकाळी ७

होडी आली. मेहुणा आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला, ट्रेलर घेऊन. आमची गाडी गॅरेजमधून रस्त्यावर. ती आठ वर्षं उन्हात उभी राहिली नव्हती.

होडीच्या फळ्यांमधून आरपार दिसतं. एका फटीतून मला मेहुणा दिसला, हसत होता.

सासरेही ट्रेलरबरोबर आले होते. त्यांचा उजवा डोळा गेलाय. डाव्याला डॉक्टरने मे महिन्यापर्यंतची मुदत दिलीय. होडीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, जावईबापू, एकच करा. डोळा जायच्या आत तिचं लाल शीड वर चढलेलं एकदा दाखवा. ते शीड माझ्या सासूबाईंनी हाताने शिवलं होतं, ही पोटात असताना. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

मी तारीख देऊन टाकली. एक मार्च. हिने विचारलं, तुम्हाला जमेल का. गिझर कंपनीच्या तक्रार विभागाच्या प्रमुखाला हे विचारणं म्हणजे कमाल आहे. चोवीस वर्षं लोकांची गळकी यंत्रं मीच निस्तरतोय.

१९ जानेवारी, रविवार

प्रोजेक्ट जोरात सुरू. टाइमटेबल केलं, चार रंगांत. हातमोजे आणले. कप्तानाची पांढरी टोपी आणली, सोनेरी पट्टीची. आरशात बराच वेळ पाहिलं. मला टोपी शोभते हे इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही, यातच सगळं आलं.

होडीला अजून हात लावलेला नाही. घाई करणाऱ्यातला मी नाही.

दुपारी सासऱ्यांचा फोन. म्हणाले, लाकूड सुकून आकसलंय, म्हणून फटी पडल्यात. फटी बुजवू नका. आत पाणी भरा, बाहेरून ओली पोती घाला, आठ-दहा दिवसांत फळ्या फुगून आपोआप मिटतील. उरलेल्या जागी कापसाची वात आणि मऊ लुकण. कडक होणारं काहीही फटीत घालू नका, फळ्यांना फुगायला जागा मिळाली नाही तर आतल्या फासळ्या मोडतील. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हणालो, फोन टेबलावर टाकला आणि पोट धरून हसलो. हिलाही बोलावून सांगितलं. होडीत पाणी भरा म्हणे! होडी असते कशासाठी? म्हातारबुवांचा डोळा एकटाच जात नाहीये.

ही हसली नाही. हिला विनोद उशिरा कळतात.

२ फेब्रुवारी, रविवार

हिने मला न विचारता होड्यांच्या सुताराला बोलावलं. हा सत्तरीचा, एका दाताचा. होडीभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी टिचकी वाजवली आणि सासऱ्यांचंच पालुपद सुरू केलं, पाणी भरा, फुगू द्या. दोघे जुने दोस्त निघाले. संगनमत. म्हणाला, दोन आठवड्यांत करून देतो. मी म्हणालो, हा घरचा मामला आहे. त्याने विचारलं, साहेब आपण काय करता? सांगितलं. तो म्हणाला, मग गळती कुठून होते ते आपल्याला चांगलंच ठाऊक असणार.

माणूस अडाणी, पण पारख आहे. जाताना हिला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. बहुधा माझ्याचबद्दल.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुवर्णदिन! रेझिन आणलं. दोन डब्यांतलं द्रावण एकत्र करायचं, फटीत भरायचं, दुसऱ्या दिवशी दगड. व्हिडिओत एक माणूस त्यावर हातोडा मारतो, काही होत नाही. सासऱ्यांच्या काळात हे नव्हतं, त्याला ते तरी काय करणार.

गॅरेजची फरशी खराब होऊ नये म्हणून काहीतरी अंथरायला हवं होतं. होडीच्या पुढच्या पेटीत जुन्या जाड कापडाची मोठी गुंडाळी सापडली, मळकट विटकरी रंगाची. आयती सोय. सगळ्या होडीखाली पुरली. एक थेंब फरशीवर पडला नाही. नियोजन म्हणतात ते हे.

सगळ्या फटी बंद. आता पाण्याच्या बापालाही आत शिरता येणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्याची तारीख पाळणं शक्य नाही. रंग व्हायचाय, डोलकाठी उभी करायचीय. सासऱ्यांना रीतसर कळवलं. ऑफिसचा कागद हाताशी होता, मसुदा तयारच असतो: "आपली विनंती आमच्याकडे नोंदली गेली असून ती प्राधान्याने हाताळली जात आहे. होणाऱ्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत. विभागप्रमुख." खाली सही, शिक्का.

हिने त्यांना वाचून दाखवलं. त्यांना आता मोठं अक्षरही दिसत नाही. त्यांनी म्हणे विचारलं, हे विभागप्रमुख कोण. ही म्हणाली, तुमचा जावई. ते म्हणाले, असं असं. आणि पत्र उशीखाली ठेवलं.

म्हणजे आवडलं.

९ मार्च, रविवार

सासरे होडी बघायला आले. बघायला म्हणजे, डोकं तिरकं करून डाव्या कोपऱ्यातून जेवढं दिसतं तेवढं. बाकीचं बोटांनी. एका फटीवरून त्यांचं बोट टोकापासून टोकापर्यंत गेलं. मग दुसरीवरून. मग हात खिशात घातला. म्हणाले, घट्ट आहे. मी म्हणालो, दगड! ते म्हणाले, हो, दगडच.

जाणत्या माणसाची दाद काही वेगळीच.

मग म्हणाले, तिचं शीड काढा जरा, पुढच्या पेटीत आहे. जाड कापड, लाल होतं, आता विटलं असेल. हात लावून बघतो.

मी त्या वेळी त्यावरच उभा होतो.

तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, ड्रायक्लीनिंगला दिलंय. चोवीस वर्षांचा सराव असा उपयोगी पडतो. सासरे एवढे खूश झाले की माझा खांदा थोपटला. म्हणाले, तुम्ही तिची इतकी काळजी घ्याल असं वाटलं नव्हतं.

१० ते १५ मार्च

गरम पाणी. सुरी. रॉकेल. केस वाळवायचं मशीन. सगळं करून पाहिलं. रेझिन खरंच उत्तम आहे, व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. कापड जागोजागी पत्र्यासारखं कडक झालंय. ओढलं तर फाटतं. शनिवारी मधोमध फाटलं.

चूक माझी नाही. इतकी मोलाची वस्तू पेटीत ठेवताना वर चिठ्ठी लावायची पद्धत असते.

ठराव: सासऱ्यांना योग्य वेळी सांगणे.

३० मार्च, रविवार

नवं शीड मागवलं. नायलॉन, लालभडक. जुन्यापेक्षा दसपट चांगलं. हा प्रश्न सुटला.

फाटकं कापड कचऱ्याच्या डब्यामागे घडी करून ठेवलं होतं. हिला सापडलं. ते मांडीवर घेऊन ही गॅरेजच्या पायरीवर बसून राहिली. मी नव्या शिडाचे फायदे समजावले, वजन, टिकाऊपणा, धुवायला सोपं. हिने एवढंच विचारलं, बाबांना कधी सांगणार. म्हटलं, योग्य वेळी. ही म्हणाली, तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार.

तेव्हापासून अबोला. घरात कामाला शांतता मिळतेय.

२० एप्रिल, रविवार

सासऱ्यांना आता उजेड-अंधार आणि भडक रंग तेवढे कळतात. ही सारखी म्हणते, आत्ता, लगेच. मी म्हणालो, दुसरा हात दिल्याशिवाय रंगाला चकाकी येत नाही. ही म्हणाली, चकाकी कोणाला दिसणार आहे?

हिच्या बोलण्यात अलीकडे फार कडवटपणा आलाय. प्रकृती दाखवायला हवी.

३ मे, शनिवार, संध्याकाळी ५

होडी पाण्यात! धक्क्याला बांधून सहा तास झाले. आत एक थेंब नाही. दर अर्ध्या तासाने कोरड्या रुमालाने तळ पुसून सगळ्यांना दाखवला. ऑफिसातल्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, दोघे माझ्या हाताखाली आहेत. एकदाता सुतारही आला होता. म्हणाला, चार दिवस अशीच राहू द्या, मग बघा. मी म्हणालो, आमच्याकडे गिझरची चाचणी एक तासाची असते.

उद्या सकाळी सासरे होडीत बसणार. मीही चार शब्द बोलेन म्हणतो. मसुदा तयार आहे.

४ मे, रविवार, दुपारी

जे झालं ते नीट नोंदवून ठेवतो, मागाहून लोक काहीही बोलतात.

सकाळी नऊला सगळे धक्क्यावर. सुतार म्हणाला, म्हाताऱ्याला आत नका बसवू. मी म्हणालो, आत अजूनही कोरडं आहे. ते खरं होतं. शेवटी सासऱ्यांना सुताराने आणि हिने धरून मागच्या बाकावर बसवलं. मी टोपी घालून मधोमध. शिडाची दोरी माझ्याकडून अडकली, म्हणून हिने ओढली. हिला हे येतं हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली.

शीड चढलं. सासऱ्यांनी डोकं तिरकं केलं आणि म्हणाले, लाल. मग पुन्हा म्हणाले, लाल दिसतंय गं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, बघा, शेवटी दाखवलं की नाही.

मग त्यांनी हात पुढे करून कापड धरलं. किनार बोटांत घेतली, चाचपत खाली गेले, परत वर आले. हिच्या आईचा टाका दुहेरी असायचा, म्हणाले. मग मला म्हणाले, जावईबापू, ड्रायक्लीनिंगवाल्याने कापड बदललंय.

हीच ती योग्य वेळ होती हे मला आता कळतंय. मी म्हणालो, चौकशी करतो.

तेवढ्यात आतून टक असा आवाज आला. मी म्हणालो, लाकूड बसतंय, नॉर्मल आहे. पुन्हा टक. सासरे म्हणाले, फासळी. पुन्हा. म्हणाले, तिसरी. घाबरलेले नव्हते. आपल्याच घरच्या भिंती पडताना मोजाव्यात तसे मोजत होते. सुताराने त्यांना काखेत धरून धक्क्यावर उचललं, ही मागोमाग उडी मारून गेली. सासरे वरून म्हणाले, उतरा. मी उतरलो नाही. कप्तान शेवटी उतरतो.

सातव्याला एक फळी बाहेर सुटली. रेझिन जिथल्या तिथे होतं, कुठेही तडा नाही. लाकूडच कमी पडलं.

पाणी छातीपर्यंतच आहे तिथे. टोपी तरंगत दूर गेली, ऑफिसातल्या एकाने काठीने काढून दिली. भाषण खिशात ओलं झालं.

११ मे, रविवार

ही सासऱ्यांकडे राहायला गेली. म्हणाली, बाबांना हाताला धरून फिरवायला कोणीतरी हवं. आता उजेडही कळत नाही. फाटक्या शिडाचा, रेझिन न लागलेला एक वीतभर तुकडा हिने कापून नेलाय. सासरे तो मुठीत घेऊन बसतात म्हणे.

कधी येणार विचारलं, तर म्हणाली, आपली विनंती नोंदवून घेतली आहे.

१८ मे, रविवार

शेवटी फोन केला. ठरवून केला. हिने उचलला, सासऱ्यांनाच दे म्हणालो. त्यांना म्हणालो, शीड मीच खराब केलं, पायाखाली घातलं, माझं चुकलं. पाठ केलं होतं तरी धड जमलं नाही.

ते म्हणाले, ठाऊक आहे. त्या दिवशी गॅरेजमध्ये मीही त्यावरच उभा होतो, चपलेतून कळलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो.

मी विचारलं, मग फटींचं? बोट फिरवलंत तेव्हा तरी बोलायचं होतं. ते म्हणाले, बोलून झालं होतं की. जानेवारीत तीनदा सांगितलं, तुम्ही तीनदा हो म्हणालात आणि मग हसलात. फोन नीट बंद केला नव्हता तुम्ही. सगळं ऐकू आलं, डोळ्याबद्दलचंसुद्धा.

म्हणालो, मग तेव्हाच काढून का घेतली नाहीत होडी.

ते म्हणाले, कोणाला देणार होतो? त्या दिवशी जेवताना मी आहेच म्हणणारे तुम्ही एकटेच होतात.

मग म्हणाले, ठेवतो. आणि त्यांनी फोन नीट ठेवला, खट्ट आवाज आला.

गाडी गॅरेजमध्ये घेतली. फरशीवर एक डाग नाही. दोरीवर वाळत घातलेली टोपी काढून आणली. आटली आहे. डोक्यात बसत नाही.