कोपऱ्यावरचा बाक परत बसवण्याविषयी

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून हटवलेला बाक पुन्हा बसवण्याबाबत.
संदर्भ : चिठ्ठ्या काढून निवडलेल्या रहिवाशांच्या बैठकीतील निर्णय.

महोदय,

१. कोपऱ्यावर बाक राहावा की दुचाकींना जागा करावी, हे रहिवाशांनीच ठरवावे म्हणून आपण चिठ्ठ्या काढल्या. त्यात माझ्या सासूबाईंचे नाव निघाले. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून आपल्या परवानगीने त्यांच्या जागी मी बसले. निघताना त्यांनी बजावले होते, "हात बाकासाठीच वर कर गं. तेवढंच माहेर उरलंय मला."

२. मी हात दुचाकींसाठी वर केला. मते बरोबरीत होती. माझ्या हाताने पारडे झुकले. आपण आभार मानलेत, तेव्हा धरणीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते.

३. कारण लपवत नाही. माझे शिवणयंत्र बाकाच्या बरोबर वरच्या खिडकीत आहे. सासूबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी रोज संध्याकाळी तिथे बसत. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानगोष्टी अख्ख्या गल्लीला ऐकू जातात. "जगाची ब्लाउजं शिवते, स्वतःचं तोंड तेवढं शिवत नाही!" मैत्रिणी खदखदत. वर माझी सुई मोडे.

४. आता मैत्रिणींना तीन जिने चढवत नाहीत. त्या खाली दुचाकींच्या दाटीत उभ्या राहून हाका मारतात. सासूबाईंना शब्द कळत नाही. खाली टेकायला जागा नाही, म्हणून त्या उतरत नाहीत, खिडकीतून नुसती मान हलवतात. पाय दुखले की मैत्रिणी निघून जातात. जेवताना सासूबाई म्हणतात, "भाजी छान झालीय हो." महोदय, लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ऐकले नव्हते, आणि आता ते घशाखाली उतरत नाही. वर "तू तरी एकटी काय करणार होतीस, बाई?" म्हणून त्या मलाच धीर देतात.

५. तरी माझे मत रद्द धरून बैठक पुन्हा बोलवावी. नियमात बसत नसेल, तर बाक निदान आमच्या जिन्याखाली ठेवावा. शेजाऱ्यांची बोलणी मी खाईन. खरे काय ते घरी मी आजच सांगणार आहे. त्यानंतर सासूबाईंपाशी माझ्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ असेल. ते मैत्रिणींजवळ मोकळे करायला त्यांना बसायची जागा तेवढी द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण
दिनांक : सोमवार

सोबत : काही नाही. मैत्रिणींच्या सह्या घ्यायला गेले होते. त्या "गुणाची गं पोर" म्हणाल्या, तशीच परत फिरले.