मावशींचं नाक

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९६१
मोंतान्य ब्लांश

सावित्रीमावशी आज उसाच्या सऱ्यांत गाईसाठी तण कापत होत्या. प्रत्येक मूठ आधी हुंगायच्या, मगच गोणीत. एक मूठ मात्र लांब फेकली. का? "ह्यानं दूध कडू होतं, बाबा." मी ती उचलून हुंगली. नुसता हिरवा वास! त्या तणाचं लॅटिन नाव मला पाठ आहे. दुधाबद्दल मात्र आमच्या शेतीखात्याच्या पुस्तकात एक अक्षर नाही.

तरी ऐटीत सांगितलं, उद्या इथे तणनाशक फवारणार.

मावशींनी पुढची मूठ हुंगली. "मारा. पण गाय हेच खाते, त्या औषधाचा वास मला कळेल ना?"

काय बाई आहे! फवारणीचा हुकूम माझ्याच सहीचा. सकाळी पंप निघायच्या आत तो रद्द करायचा. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहावं: अधिकाऱ्याला वास ओळखता येत नाही.