बाबांचं दुसरं रीळ

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला अजून त्यांच्याआधी उठतो का? मी ठणठणीत आहे. (हे वाचून तुला संशय आला असेल, तर तो बरोबर आहे.)

बाबांच्या पिशवीतली न धुतलेली दोन्ही रिळं पोचली. बाबा जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढत राहिले, त्यामुळे घरात त्यांचाच धड फोटो नाही. तू काढलेला एकुलता एक या दोनांपैकी एकात आहे, हे मी स्टुडिओवाल्या मावशीला तीनदा सांगितलं. ताई, या बाईचे हात म्हणजे काय सांगू! दिवा घालवण्याआधी ती ओपनर, कात्री, चकरी आणि फिल्म धुवायचं झाकणाचं भांडं डावीकडून उजवीकडे मांडते, एकेकाला हात लावून मोठ्याने नाव घेते. माझं रेडियमचं घड्याळ बाहेर ठेवायला लावते. मग गुडूप अंधार. टक्कन डबीचं झाकण उडतं, फिल्म ती फक्त कडांना धरून चकरीवर चढवते, आणि तेवढ्यात मला शेजारच्या भांडणाची हकीकतही सांगून होते. तिचं बोट एकदाही कापलेलं नाही. (त्या पत्र्याची कड भारी धारदार असते. माझी चार बोटं साक्षीला आहेत.)

निवृत्तीनंतर हे शिकायला मी तिच्या स्टुडिओत आलो, तेव्हा तिने वाया गेलेली रिळं देऊन डोळे मिटून सराव करायला सांगितलं. मी रोज खिडकीशी, भर उजेडात, डोळे घट्ट मिटून बसतो. परवाही बसलो. झाकण पहिल्याच झटक्यात निघालं म्हणून खूश होऊन डोळे उघडले, तर वाया गेलेली डबी समोर, आणि हातात बाबांची! मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसा मी.

मी हंबरडा फोडायच्या आत मावशी ओरडली, "सोडू नकोस! मुठीत आवळ!" आणि काळा कपडा माझ्या हातांवर टाकला. फिल्म घट्ट गुंडाळलेली होती, त्यामुळे उजेडाने बाहेरचे वेढे खाल्ले, आतले वाचले. शेवटचे सात फोटो आले. मला ती एका शब्दाने बोलली नाही, उलट बोटाला पट्टी बांधली. मी तिच्या जागी असतो तर मला केव्हाच हाकललं असतं. पण त्या सातांत बाबा नाहीत. जळालेल्यांत होते की दुसऱ्या रिळात आहेत, देव जाणे. दोन दिवस घास उतरत नाहीये.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की दुसरं रीळ मीच उघडायचं असं मावशीने ठरवलंय. नाहीतर माझा हात कायमचा भित्रा राहील म्हणे. तूच तिला कळव, की तिने स्वतः उघडावं. तुझं ती ऐकते.

आणखी ता. क. पत्र टाकायला निघालो, तर तिने चप्पल घालू दिली नाही. डबी हातात ठेवली आणि दिवा घालवला. एरवी अखंड बोलणारी बाई, पण मी फिल्म चढवून झाकण लावेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत होती. ताई, रीळ धुतलं, आणि फोटोत बाबा आलेत. तोंडभर हसताहेत. पाय कापले गेलेत, पण ते तू कापलेस, मी नव्हे.