आपल्या बाकावरचा पाहुणा

ता. ३ एप्रिल

चि. बयोस, आईचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. रविवारी मिस्साला आपल्या बाकावर, पप्पांच्या जागी, एक माणूस येऊन बसला. तिथं कुणी बसत नाही हे नवख्याला कोण सांगणार? चर्चच्या छपराच्या कामाला आलेला सुतार निघाला. नवखा ज्याच्या बाकावर बसेल त्याच्याच घरी जेवेल, हा नियम आपणच सभेत टाळ्या घेऊन मंजूर करवलात, बाईसाहेब. मग नेला घरी.

दोन घास खाल्ले आणि त्याची नजर पप्पांच्या फोटोवर गेली. हात ताटातच राहिला. म्हणाला, हाच फोटो कोर्टात दाखवला होता. तो ट्रक मीच चालवत होतो.

शिक्षा भोगून सुटलाय. कोर्टात तू जायचीस, मी कधीच गेले नाही, म्हणून ओळखलं नाही. छपराचं काम संपेपर्यंत दर रविवारी जेवायला ये, असं मी त्याला सांगून बसलेय.

आईवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी आई

ता. ७ एप्रिल

ती. आईस, सा. न.

पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये उघडलं. तास माझा होता, तो शेजारच्या बाईंना घ्यायला लावला.

नकळत जेवू घातलंस, हे समजलं. पण कळल्यावर पुन्हा बोलावलंस? कॉलेजात मी क्षमेवर भाषणं करून बक्षिसं आणली. आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही. आई, माझा नियम परक्यांसाठी होता. हा परका नाही. फादरना सांगून त्याला दुसऱ्या कुणाच्या घरी पाठव. तो आपल्या घरात जेवणार असेल, तर मी सुट्टीत येणार नाही. हे रागाच्या भरात लिहीत नाहीये.

रागातही तुझीच,
बयो

ता. ११ एप्रिल

चि. बयोस, आशीर्वाद.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. मुलगी हो म्हणेपर्यंत येत नाही म्हणाला. चर्चच्या पायरीवर बसून डबा खातो. चर्चमधल्या गायनाच्या बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि फादर मला संत समजायला लागलेत. दोघंही चुकताहेत. मी माफबिफ काही केलेलं नाही. त्याचं ताट राख लावून तीनदा घासलं.

पण त्या दिवशी जाताना उंबऱ्यात तो एक बोलला. पप्पा एकटे नव्हते गं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्यांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पप्पा त्याला म्हणत होते, माझी सायकल रस्त्यातून बाजूला घे, अंधारात कुणीतरी धडपडेल. कोर्टात हे त्याला कुणी विचारलंच नाही. आणखीही काही बोलले म्हणे. मी म्हटलं, आत्ता नको, रविवारी सांग. म्हणून बोलावला.

तू नाही म्हणालीस, तर नाही. पण मग ते राहूनच जाईल.

माझ्यावर लोभ ठेव, निदान रविवारपर्यंत.
तुझी आई

ता. १५ एप्रिल

ती. आईस, सा. न.

त्याला बोलाव. शनिवारच्या गाडीनं मीही येते. सायकलबद्दलचं वाक्य पप्पांचंच आहे, ते कुणाला रचता येणार नाही.

फक्त मला त्याच्यासमोर बसवू नकोस. शेजारी बसव. शेजारी बसलं की ऐकू येतं आणि तोंड बघावं लागत नाही.

तुझी,
बयो